साष्टी देऊन लढाई थांबली नाही

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह ज्या तटाच्या आत आहे, तो किल्ला पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ च्या डिसेंबरअखेर मुंबईच्या इंग्रजांनी तोफा डागून घेतला. त्या डिसेंबरात इंग्रज आणि पुणे दरबार यांच्यात युद्ध पुकारलेले नव्हते. कंपनीचा वकील मॉस्टिन १७७२ पासून पुणे दरबाराकडे नेमलेला होता. पण नारायणराव पेशव्यांचा ऑगस्ट १७७३ मध्ये खून झाला होता, दरबार फुटला होता आणि पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येत आहे ही सबब हाताशी होती. तेवढ्यावर ठाणे गेले आणि त्याबरोबर खाडीपासून वांद्र्यापर्यंतचे सगळे साष्टी बेट गेले.

पुढच्या आठ वर्षांत या बेटावरून चार तह झाले. आज युक्रेनच्या निमित्ताने "थोडी जमीन द्या आणि विषय संपवा" हा सल्ला जगभर दिला जातो, आपल्याकडच्या चर्चांतही तो व्यवहारी शहाणपण म्हणून मांडला जातो. ठाणेकरांनी तरी तो मान्य करण्याआधी साष्टीचे दप्तर उघडून पाहावे. आक्रमकाने बळकावलेले त्यालाच देऊन केलेला तह बहुधा मोडतो. तो अनीतीचा असतो हे खरेच, पण मोडण्याचे कारण तेवढेच नसते. त्याची कलमेच अशी बांधलेली असतात की दुसऱ्या लढाईची तयारी त्या तहातूनच होत जाते.

१७७५ च्या मार्चमध्ये सुरतेला, पेशवेपदासाठी पुणे दरबाराशी भांडणाऱ्या रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली आणि बदल्यात २५०० सैनिकांची मदत घेतली. जे आपल्या ताब्यात नाही ते त्यांनी दिले आणि ज्यांना ते घ्यायचा हक्क नव्हता त्यांनी घेतले. मुंबईच्या वर असलेल्या कंपनीच्या कलकत्ता कौन्सिलने हा तह नामंजूर केला, तिचा कर्नल अप्टन वाटाघाटीला आला आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. त्यातली देवाणघेवाण नीट पाहण्यासारखी आहे. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. भडोचचा महसूल त्यांना मिळाला. शिवाय युद्धखर्चापोटी १२ लाख रुपये पुणे दरबाराने द्यायचे ठरले, म्हणजे ज्याच्यावर हल्ला झाला त्यानेच हल्ल्याचा खर्च भरायचा. बदल्यात इंग्रजांनी रघुनाथरावांची बाजू सोडायची आणि रघुनाथरावांनी निवृत्तिवेतन घेऊन कोपरगावला राहायचे.

दोन्ही बाजूंच्या जबाबदाऱ्या सारख्या जातीच्या नव्हत्या. साष्टी आधीच इंग्रजांच्या हातात होती, त्यामुळे ते कलम सही होताच पुरे झाले. रघुनाथरावांना आश्रय न देण्याचे कलम मात्र रोज, वर्षानुवर्षे पाळायचे होते आणि ते पाळणार होती मुंबईची तीच मंडळी, जिने ठाणे घेतले होते. त्यांनी ते पाळले नाही. रघुनाथराव आधी सुरतेला आणि मग मुंबईला त्यांच्याच आश्रयाला राहिले. पुढे लंडनहून कंपनीच्या संचालकांचे पत्र आले, त्यात सुरतेचा तहच पसंत केला होता. पुरंदरचा कागद मोडला म्हणून मुंबईकडून काही वसूल करण्याची सोय पुणे दरबाराकडे नव्हती. त्यांच्या हातात देण्यासारखे जे होते ते आधीच देऊन झाले होते.

१७७८ च्या हिवाळ्यात मुंबईची फौज पनवेलवरून बोरघाट चढली. १७७९ च्या जानेवारीत कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपल्या बखरींतला इष्टुर फाकडा, मारला गेला. तळेगावला पोहोचेपर्यंत पुढची गावे ओस होती, दाणावैरण जाळलेली होती. परत फिरलेली फौज वडगावला कोंडली गेली आणि इंग्रजांनी तह केला. साष्टीसह अलीकडच्या वर्षांत घेतलेला मुलूख परत देण्याचे त्यांनी मान्य केले.

हा तह अन्यायाचा नव्हता. जिंकणारी बाजू आपलेच परत मागत होती. तरीही तो मोडला आणि मला वाटते, आजच्या वाटाघाटींसाठी सगळ्यांत उपयोगी धडा इथेच आहे. कोंडलेली फौज आधी सोडली आणि साष्टी नंतर मिळायची होती. तारण म्हणून दोन इंग्रज ओलीस ठेवले होते, एवढेच. फौज सुखरूप मुंबईला पोहोचली आणि मुंबई-कलकत्त्याने तह धुडकावला. सही करणाऱ्यांना असा करार करण्याचा अधिकारच नव्हता, हे कारण पुढे केले गेले. ज्या दिवशी फौज घाट उतरली त्या दिवशी पुणे दरबाराच्या हातातली एकमेव किल्ली गेली. १७८० च्या डिसेंबरात इंग्रजांनी वसईही घेतली.

मग १७८२ च्या मे महिन्यातला सालबाईचा तह. वसई परत आली, पण साष्टी, घारापुरी आणि करंजा म्हणजे उरणचे बेट कायमचे इंग्रजांकडे गेले. न्यायाच्या दृष्टीने हा तह उणाच होता, तरी जवळजवळ वीस वर्षे टिकला. या अपवादाकडे डोळेझाक करून चालणार नाही. तो टिकला कारण दोन्ही बाजू थकल्या होत्या, इंग्रजांच्या मागे हैदरअली होता, मराठ्यांची फौज शाबूत होती आणि महादजी शिंदे दोन्ही पक्षांचे जामीन होते. जो कोणी तह मोडेल त्याच्याविरुद्ध दुसऱ्याला मदत करण्याची जबाबदारी महादजींवर होती आणि ती पार पाडण्याइतकी फौज त्यांच्याजवळ होती. कागदामागे माणूस आणि माणसामागे पलटणी, अशी ती रचना होती. १७९४ मध्ये महादजी गेले, १८०० मध्ये नाना फडणवीस गेले आणि १८०२ च्या अखेरीस बाजीराव दुसरे वसईला कंपनीच्या कागदावर सही करून बसले. कंपनीची सहा हजारांची फौज पदरी ठेवायची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, परराज्यांशी बोलणे कंपनीला विचारून करायचे. शिंदे, होळकर, भोसले यांना कोणी विचारले नव्हते. आठ महिन्यांत, ऑगस्ट १८०३ मध्ये, दुसरे इंग्रज-मराठा युद्ध सुरू झाले.

मराठ्यांनीही असे तह लादले, हे सांगितले नाही तर लेख एकतर्फी होईल. १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव करून त्याच्याकडून कोट्यवधींची खंडणी आणि दौलताबादसह मुलूख लिहून घेतला. तीनच वर्षांत निजामाने कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. पिळवटलेला शेजारी दुबळा होऊन गप्प बसत नाही, तो तिसऱ्याच्या दारात जातो.

आता युरोप. १९३८ च्या सप्टेंबरअखेर म्युनिकमध्ये ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि जर्मनी यांनी चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रदेश हिटलरला दिला. ज्यांचा देश कापला जात होता त्यांच्या प्रतिनिधींना हॉटेलात बसवून ठेवले होते. १ ते १० ऑक्टोबर अशा दहा दिवसांत प्रदेश रिकामा करून द्यायचा होता. हा प्रदेश म्हणजे सरहद्दीवरचे डोंगर आणि त्यांत काही वर्षे खपून बांधलेली काँक्रीटची तटबंदी. ती गेल्यावर उरलेल्या देशाला मोकळे मैदान राहिले. उरलेल्या सीमांना आंतरराष्ट्रीय हमी देण्याचे ठरले होते. १४ मार्च १९३९ ला जर्मनीच्या दडपणाखाली स्लोव्हाकियाने स्वातंत्र्य जाहीर केले, दुसऱ्या दिवशी जर्मन फौज प्रागमध्ये शिरली आणि ब्रिटिश सरकारने भूमिका घेतली की ज्या देशाला हमी द्यायची होती तोच आतून विसर्जित झाला, म्हणून हमीचा प्रश्न उरत नाही. पिल्झेनचा स्कोडा कारखाना आणि चेक सैन्याचे रणगाडे, तोफा आयत्या जर्मनीच्या हाती पडल्या. १९४० मध्ये फ्रान्सवर चालून गेलेल्या दहा जर्मन चिलखती डिव्हिजनांपैकी तिघींत हे चेक रणगाडे मोठ्या प्रमाणात होते. म्युनिकमुळे ब्रिटनला विमाने आणि रडार उभारायला वर्षभर मिळाले, हा युक्तिवाद पूर्ण खोटा नाही. पण तेच वर्ष जर्मनीलाही मिळाले, वर एका संपूर्ण देशाचा शस्त्रसाठा मिळाला, आणि ब्रिटन-फ्रान्सच्या बाजूने लढू शकणाऱ्या सुमारे ३५ चेक डिव्हिजन हिशेबातून गेल्या.

हमीची अशी गत पुन्हा पुन्हा होते, कारण हमी देणाऱ्याला ती पाळण्याची वेळ तहानंतरच्या वाईट परिस्थितीत येते. तटबंदी असताना जो लढायला तयार नव्हता, तो तटबंदी गेल्यावर कशाला लढेल? हा हिशेब आक्रमकालाही कळतो. ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट करारात युक्रेनने आपल्या भूमीवरची सुमारे १९०० सामरिक अण्वस्त्रे सोडली. अमेरिका, ब्रिटन आणि रशियाने त्याच्या सीमांचा आदर करण्याचे लिहून दिले. तो मोडला तर काय, याचे उत्तर कागदात असे होते की अण्वस्त्रांची धमकी आली तर सुरक्षा परिषदेकडे जायचे आणि एरवी एकमेकांशी सल्लामसलत करायची. सुरक्षा परिषदेत रशियाला नकाराधिकार आहे. २०१४ मध्ये क्रिमिया घेतल्यावर युक्रेनने सल्लामसलतीची मागणी केली, तिला रशियाने दाद दिली नाही.

पूर्व युक्रेनमधल्या डोन्बासची लढाई थांबवण्यासाठी झालेल्या मिन्स्कच्या करारांकडे अधिक बारकाईने पाहायला हवे, कारण पुढचा कोणताही मसुदा त्यांचाच साचा घेऊन येण्याचा संभव आहे. पहिला मिन्स्क सप्टेंबर २०१४ चा, काही महिन्यांत कोसळला. दुसरा १२ फेब्रुवारी २०१५ चा, तेरा कलमांचा. शस्त्रसंधी सुरू झाल्यानंतर तीनच दिवसांत रशियाच्या बाजूच्या फौजांनी देबाल्त्सेवे हे रेल्वे जंक्शन घेतले आणि कोणावरही त्याचा परिणाम झाला नाही. माझ्या मते करार त्या आठवड्यातच संपला होता, नंतरची सात वर्षे त्याचा सांगाडा चालवला गेला.

तांत्रिक भाग कागदावर चांगला होता. १०० मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या तोफा मागे घेऊन दोन बाजूंत ५० किलोमीटरचा पट्टा ठेवायचा, अग्निबाणांच्या साध्या यंत्रणांसाठी ७० किलोमीटर, उरागान आणि स्मेर्चसारख्या लांब पल्ल्याच्या यंत्रणांसाठी १४० किलोमीटर. पण मोजणार कोण? देखरेख होती युरोपीय सुरक्षा आणि सहकार्य संघटनेच्या निरीक्षकांकडे. त्यांच्याकडे शस्त्रे नव्हती, ड्रोनचे सिग्नल जाम केले जात, ताब्यातल्या प्रदेशात अनेक ठिकाणी नाके लावून गाड्या परत पाठवल्या जात. रशिया आणि हा प्रदेश यांच्यामधली सुमारे ४०० किलोमीटरची सरहद्द युक्रेनच्या हातात नव्हती. रशियाच्या बाजूच्या दोनच तपासणी नाक्यांवर वेगळे निरीक्षक बसत आणि तीही मोहीम रशियाने २०२१ मध्ये बंद पाडली. निरीक्षक मंडळाची मुदत वाढवायला ५७ सदस्यदेशांचे एकमत लागे, त्यांत रशिया एक. मार्च २०२२ मध्ये त्याने नकार दिला आणि मंडळ गुंडाळले गेले. ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्याच हाती नजर ठेवणाऱ्याची नेमणूक होती.

त्याहून मोठा दोष कलमांच्या क्रमात होता. त्या प्रदेशात निवडणुका आधी, विशेष दर्जासाठी घटनादुरुस्ती आधी, आणि सरहद्दीचा पूर्ण ताबा युक्रेनला सगळ्यांत शेवटी. म्हणजे परक्या बंदुकीच्या सावलीत मतदान घ्यायचे, निवडून येणाऱ्यांना देशाच्या कारभारात कायमचा वाटा द्यायचा, आणि सैनिक-शस्त्रे येण्याची वाट तोवर उघडी ठेवायची. वडगावला हेच झाले होते, फक्त बाजू उलट्या होत्या. युक्रेनने विशेष दर्जाचे कलम पुरे केले नाही हा आरोप खरा आहे. पण तो क्रम पाळणे म्हणजे स्वतःच्या संसदेत आक्रमकाला कायमची खुर्ची देणे होते. त्यात रशियाच्या राजदूताची सही असूनही मॉस्को म्हणत राहिले की आम्ही या वादात पक्षच नाही. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी पुतिन यांनी मिन्स्क करार आता अस्तित्वात नाहीत असे सांगितले आणि २४ तारखेला आक्रमण सुरू झाले.

अँगेला मर्केल यांनी डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले की मिन्स्कने युक्रेनला वेळ दिला. रशिया हे वाक्य पाश्चात्त्यांच्या कपटाचा पुरावा म्हणून दाखवतो. मला ते मिन्स्कचे एकमेव खरे फलित वाटते. २०२२ मध्ये कीव्ह टिकले ते करारामुळे नव्हे, मधल्या सात वर्षांत युक्रेनने सैन्य उभारले म्हणून.

म्हणूनच नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेकडून पुढे आलेल्या २८ कलमी शांतता मसुद्यातली दोन कलमे काळजीची आहेत. दोनेत्स्क प्रांताचा जो भाग रशियाला लढून घेता आलेला नाही, तो युक्रेनने सोडावा हे पहिले. स्लोव्हियान्स्क, क्रामातोर्स्क, द्रुझकिव्का, कोस्त्यान्तिनिव्का ही सुमारे ५० किलोमीटरची शहरांची रांग २०१४ पासून खंदक, काँक्रीट आणि सुरुंगांनी बांधलेली आहे. तिच्या पश्चिमेला मोकळी शेते आहेत. सुडेटन दिल्यावर चेकांच्या हाती जे उरले, तेच इथे उरेल. दुसरे कलम युक्रेनच्या सैन्यावर सहा लाखांची मर्यादा घालणारे. तशी मर्यादा रशियावर नव्हती. मसुदे पुढे बदलतात, आकडे वरखाली होतात, पण कुठल्याही नव्या मसुद्यात आधी हीच दोन ठिकाणे तपासावीत: दिलेली जमीन संरक्षणाची आहे का, आणि शस्त्रांवरची मर्यादा कोणावर आहे.

कायद्याची अडचणही आहे आणि ती केवळ वकिली नाही. १९६९ च्या व्हिएन्ना कराराच्या ५२ व्या कलमानुसार बळाच्या धाकाने करवून घेतलेला तह मुळातच रद्दबातल असतो. युक्रेनच्या घटनेत देशाच्या सीमा बदलायला सर्व देशाचे सार्वमत लागते आणि लष्करी कायदा लागू असताना घटनादुरुस्ती करता येत नाही. रशियाने २०२२ मध्ये चार प्रांत स्वतःच्या घटनेत घालून ठेवले आहेत, त्यातले सगळे भाग त्याच्या ताब्यातही नाहीत. अशा स्थितीत प्रदेश लिहून देणारा कागद पुढचे सरकार, पुढची संसद, पुढचे न्यायालय कधीही नाकारू शकते आणि त्या नकारालाच पुढच्या हल्ल्याचे कारण केले जाते. ताबारेषा मान्य करणे आणि मालकी मान्य करणे यांत फरक ठेवायला हवा. अमेरिकेने १९४० मध्ये बाल्टिक देशांचे सोव्हिएत विलीनीकरण मान्य केले नाही. पन्नास वर्षे कोणी तिथे लढायला गेले नाही, पण १९९१ मध्ये ते देश नव्याने निर्माण करावे लागले नाहीत, जुन्याच मान्यतेवर पुन्हा उभे राहिले. काश्मीरची ताबारेषा पाळणाऱ्या भारतीय वाचकाला हा फरक समजावून सांगायला नको.

आक्षेप तीन येतात. पहिला सगळ्यांत जड आहे: रोज माणसे मरत आहेत, वाईट तह तरी चालेल. हे म्हणणाऱ्याच्या मनातली कणव खरी असते. पण हा हिशेब आघाडीच्या रेषेवर मोजतो आणि रेषेमागच्या ताब्यातल्या प्रदेशात मोजत नाही. कीव्हजवळच्या बुचामध्ये माणसे मारली गेली ती लढाईत नाही, ताब्याच्या महिन्यात. मुलांना बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपावरून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर अटक वॉरंट काढले. जो प्रदेश सोडायचा, त्यातल्या माणसांसाठी शांतता सुरू होत नाही. त्यांना बाहेर पडायची वाट, मुदत, निवारा यांची कलमे मसुद्यात नसतील तर कणव अर्धीच आहे.

दुसरा आक्षेप पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्साय तहाचा. जर्मनीवर कठोर तह लादला म्हणून हिटलर आला, तेव्हा आक्रमकाला दुखवू नका. पण पराभूत जनतेवर सूड घेणे आणि आक्रमकाला लूट ठेवू न देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय व्हर्साय कठोर होता तरी राबवला गेला नाही. मार्च १९३६ मध्ये, तहाने सैन्यबंदी घातलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये जर्मन सैन्य शिरले, तेव्हा फ्रान्स हलला नाही.

तिसरा आक्षेप फिनलंडचा, आणि तो सालबाईसारखा विचारात घेण्याजोगा आहे. सोव्हिएत आक्रमणानंतर मार्च १९४० मध्ये फिनलंडने मॉस्कोच्या तहात सुमारे दहावा हिस्सा भूमी दिली, चार लाखांवर माणसे घरे सोडून आली, हांको बंदर तळासाठी भाड्याने द्यावे लागले. मागण्या तिथे थांबल्या नाहीत. सैन्याला रेल्वेने वाट हवी, पेत्सामोच्या निकेलच्या खाणी हव्यात. घाबरलेला फिनलंड जर्मनीकडे गेला आणि पंधरा महिन्यांत पुन्हा युद्ध झाले. १९४४ चा तह त्याहून जड होता, तरी टिकला. १९४७ च्या पॅरिस तहाने भूदलावर ३४,४०० ची मर्यादा घातली, पण देश ताब्यात गेला नाही, सरकार आणि सक्तीची लष्करी सेवा राहिली आणि फिनलंड गिळायचा तर काय किंमत पडते हे मॉस्कोने दोनदा मोजले होते. अन्यायाचा तह टिकू शकतो, पण तो टिकवते पीडिताची उरलेली ताकद. ती ताकद काढून घेणारे कलम घातले की तो अपवाद लागू होत नाही.

टिकाऊ करार दिसायला कसा असतो याचीही उदाहरणे आहेत. इजिप्त-इस्रायल तहात सिनाई टप्प्याटप्प्याने पूर्ण परत झाला, शेवटचा टप्पा २५ एप्रिल १९८२ ला. सिनाईचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात किती सैन्य हे लिहिले, सीमेच्या इस्रायली बाजूलाही एक पट्टा बांधला आणि देखरेखीचे बहुराष्ट्रीय दल सुरक्षा परिषदेच्या बाहेर उभारले, म्हणजे तिथल्या नकाराधिकाराचा प्रश्नच आला नाही. कोरियाची १९५३ ची शस्त्रसंधी न्याय्य म्हणवत नाही, पण आक्रमकाला तिच्यात बक्षीस मिळाले नाही आणि दक्षिणेत अमेरिकी फौज राहिली.

काळ्या समुद्रातले धान्य तर नवी मुंबईच्या अगदी जवळचे उदाहरण. सूर्यफुलाचे तेल भारत प्रामुख्याने युक्रेन आणि रशियाकडून घेत असे. २०२२ च्या मार्चमध्ये जहाजे अडकली आणि वाशीच्या बाजारापासून जांभळी नाक्यावरच्या किराणा दुकानापर्यंत तेलाचे भाव चढले. जुलै २०२२ मध्ये इस्तंबूलला धान्यकरार झाला. प्रत्येक जहाजाची तपासणी चार पक्षांच्या केंद्राने करायची आणि मुदत आधी १२० दिवसांची, पुढे रशियाच्या आग्रहाने ६० दिवसांची. सुमारे ३.३ कोटी टन माल बाहेर पडला, हे त्याचे खरे यश. पण तपासणीचा वेग आणि मुदत दोन्ही रशियाच्या हातात असल्याने रांगा लागत, प्रत्येक मुदतवाढीला नवी मागणी येई. १७ जुलै २०२३ ला रशिया बाहेर पडला. ऑगस्टपासून युक्रेनने रोमानिया-बल्गेरियाच्या किनाऱ्यालगत स्वतःची वाट उघडली, आणि ती चालली. तोपर्यंत त्याच्या क्षेपणास्त्रांनी आणि सागरी ड्रोननी रशियन नौदलाला पश्चिम काळ्या समुद्रातून मागे रेटले होते. आक्रमकाच्या परवानगीवर चालणारी वाट वर्षभर चालली, त्याच्या परवानगीशिवायची अजून चालते आहे.

पुढच्या मसुद्यात म्हणून क्रम असा हवा: आधी शस्त्रसंधी आणि दोन्ही बाजूंना मुक्त प्रवेश असलेली देखरेख, लगेच कैदी आणि मुले, मग तोफा मागे, मग सरहद्दीवर तटस्थ ताबा, आणि राजकीय प्रश्न त्यानंतर. २०२२ मध्ये गोठवलेला रशियन मध्यवर्ती बँकेचा सुमारे ३०० अब्ज डॉलरचा निधी हे हातातले सगळ्यांत मोठे तारण आहे. तो एकदम सोडला तर वडगावची फौज सोडल्यासारखे होईल. प्रत्येक टप्पा पडताळल्यावरच निर्बंध थोडे सैल करावेत, आणि उल्लंघन झाले तर नवे मतदान न घेता ते आपोआप परत लागावेत. उल्लंघन झाले हे ठरवणारी संस्था आणि त्यासाठीची मुदत, दिवसांत, कलमात लिहिलेली असावी.

भारताला यात जुना अनुभव आहे. कोरियात युद्धकैद्यांच्या प्रश्नावर वाटाघाटी वर्षाहून जास्त अडल्या होत्या. शेवटी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला, अध्यक्ष जनरल थिमय्या. मायदेशी परतायला नकार देणारे सुमारे २३ हजार कैदी भारतीय तुकडीने सांभाळले. त्या कामाला ठराविक मुदत होती, स्वतःची तुकडी होती, छावण्यांचा प्रत्यक्ष ताबा होता. १९५४ नंतर व्हिएतनाममध्येही भारत आंतरराष्ट्रीय आयोगाचा अध्यक्ष होता. तिथे कॅनडा आणि पोलंड यांची तोंडे दोन दिशांना, महत्त्वाच्या बाबींत एकमताची अट आणि हातात अहवाल लिहिण्यापलीकडे काही नाही. युक्रेनमध्ये निरीक्षक म्हणून भारताला बोलावले गेले तर सैनिक पाठवण्याआधी दिल्लीने विचारावे: सरहद्दीच्या सगळ्या नाक्यांवर आम्हाला दिवसरात्र जाता येईल का, आमची मुदत वाढवायला रशियाची संमती लागेल का, आणि आम्ही उल्लंघन नोंदवल्यावर किती दिवसांत कोण काय करणार आहे.